सामानापुरती जागा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्या आधी विद्वान मंडळींनी संतसाहित्यावर व नाट्यसंगीतावर आपणांशी संवाद साधला. आम्ही विद्वान नव्हे. बी.ए.ची पदवी घेतली आणि केंद्र सरकारच्या लेखा खात्यात शिरलो, तेव्हापासून आमचे लेखन म्हणजे टिपणी आणि आक्षेप. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, ‘गावाकडे एक परडे आणि गोठा विकत घेतला, त्याची हकिगत सांगतो.’ ते हसले. पण लगेच म्हणाले, ‘सांगाच. आमचेही सामान भावाच्या माळ्यावर पडले आहे.’ तेव्हा हा विषय आमच्या एकट्याचा नाही, एवढी खात्री झाल्यावरच आम्ही येथे उभे आहोत.

गुवाहाटीत आज जमलेल्या आपणांपैकी बहुतेकांच्या पाठीशी बदलीची नोकरी आहे. जबलपूर, कलकत्ता, शिलाँग आणि आता ब्रह्मपुत्रेचा हा काठ, असा आमचा प्रवास झाला. सरकारी निवासस्थान मिळते, पण ते आपले नसते. त्यात मावेल तेवढेच सामान आपण बरोबर नेतो. उरलेले मागे राहते. आमचे मागे राहिलेले सामान पुण्याच्या एका जुन्या वाड्यातील दोन खोल्यांत होते. वडिलांमागे आई तेथे राहत असे. २०१७ साली आई गेली. पुढच्याच वर्षी वाडा पाडून तेथे इमारत उठवण्याचे ठरले आणि दोन महिन्यांत खोल्या रिकाम्या करा, असा निरोप आला.

आम्ही उभयता रजा घेऊन गेलो. दोन खोल्यांत काय काय निघाले! तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, पाच पाट, शिसवी देव्हारा, आमचा आणि आमच्या दोन्ही मुलांचा पाळणा, आजीचे जाते, हातपेटी, वडिलांच्या पुस्तकांच्या सहा ट्रंका आणि त्यांनी शिक्षकी पेशाच्या तीस वर्षांत लिहिलेल्या रोजनिश्या. धाकटा बंधू डोंबिवलीला दोन खोल्यांत राहतो. बहिणीच्या घरी तिच्या सासरचेच सामान मावत नाही. शहरात गाळा भाड्याने घेण्याचा हिशेब मांडला. निवृत्तीपर्यंतचे भाडे सामानाच्या किमतीच्या कितीतरी पट होत होते. जुन्या बाजारातील माणूस येऊन सगळे पाहून गेला आणि एकंदर चाळीस हजार रुपये म्हणाला. आमच्या सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पाळण्यावरची धूळ पुसली. तेव्हाच आम्ही ठरवले, की गावाकडे सामानापुरती जागा पाहायची.

येथे आमची पहिली चूक झाली. ती सविस्तर सांगतो, कारण आपणांपैकी कोणाला तरी तिचा उपयोग होईल.

आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात. त्या बाजूला हमरस्त्यालगत एका मध्यस्थाने आम्हांला तीन गुंठ्यांचा तुकडा दाखवला. वर पत्र्याची शेड आयती. ‘साहेब, नोटरीवर करून टाकू, सातबाऱ्यावर नाव मागाहून चढंल,’ असे तो म्हणाला. आम्ही सरकारी माणूस असूनही भुललो आणि पन्नास हजार रुपये इसार देऊन बसलो. साताऱ्याच्या एका वकील स्नेह्याला कागद दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि आम्हांला तीन गोष्टी ऐकवल्या.

पहिली अशी. शेतजमीन घ्यावयाची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून शेतजमीन घेऊ देत नाही. आमच्या आजोबांची जमीन होती; पण ती कसत होती कुळे, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळे मालक झाली. त्याबद्दल घरात कोणी कडवटपणे बोलल्याचे आम्हांस आठवत नाही. ज्यांनी कसली त्यांना मिळाली, असेच वडील म्हणत. पण त्यामुळे सातबाऱ्यावर आमच्या घराण्याचे नाव उरले नाही आणि कायद्याच्या दृष्टीने आम्ही शेतकरी राहिलो नाही.

दुसरी अशी. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे पाडून विकू देत नाही. २०२३ साली बहुतेक जिल्ह्यांत ही मर्यादा जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे अशी ठरवण्यात आली. आम्ही व्यवहार करीत होतो तेव्हा ती याहून मोठी होती. या कायद्यात वेळोवेळी दुरुस्त्या होत असतात, म्हणून व्यवहाराच्या दिवशी काय नियम आहे ते पाहावे. पण शेतातील तीन गुंठ्यांचा सुटा तुकडा कोणी पुढे केला, तर आधी संशय घ्यावा हे खरे.

तिसरी गोष्ट नोटरीची. नोटरीचा शिक्का म्हणजे खरेदीखत नव्हे. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणी केलेल्या दस्तानेच होते, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. नुसत्या मुखत्यारपत्रावर किंवा करारनाम्यावर मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली पुन्हा स्पष्ट केले आहे.

आम्ही इसार परत मागितला. पुष्कळ हेलपाट्यांनंतर तीस हजार हाती आले. उरलेल्या वीस हजारांना आम्ही शिकवणीची फी म्हणतो.

वकीलसाहेबांनीच मग वाट दाखवली. ते म्हणाले, ‘तुम्हांला काळी नको, पांढरी पाहा.’ हे दोन शब्द आपल्या मुलांना कदाचित ठाऊक नसतील. गावाची काळी म्हणजे पिकाची जमीन, आणि पांढरी म्हणजे वस्तीची, घरादारांची जागा. यालाच सरकारी भाषेत गावठाण म्हणतात. गावठाणातील घर-जागा घेण्यास शेतकरी असण्याची अट नाही, आणि तेथे घर असल्याने बिगरशेतीच्या परवानगीचाही प्रश्न येत नाही. आज गावोगावी गावठाणात बंद घरे आहेत. मुले पुण्या-मुंबईस गेली, जनावरे विकली गेली, गोठे ओस पडले. आपणांसारख्यांना हवी असते ती जागा बहुधा तीच.

आमच्या मूळ गावापासून दोन कोसांवर अशी एक जागा मिळाली. पुढचे घर पडून नुसते जोते उरलेले. मागे सव्वादोन गुंठ्यांचे परडे. त्यात भेंड्याच्या भिंतींचा, मंगलोरी कौलांचा लांबट गोठा, त्याला लागून कडब्याची खोली, एक पत्र्याचे छप्पर, आणि कोपऱ्यात शेवग्याचे झाड. एक गुंठा म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट, तेव्हा जागा लहानच. पण सामानाला पुरून उरेल इतकी. मालक साठीचे गृहस्थ, स्वतः शहरात स्थायिक. साडेचार लाखांवर बोलणे ठरले.

आता कागदांचे सांगतो. गावठाणातील घराला सातबारा नसतो. ज्या गावाची नगर-भूमापन पद्धतीने मोजणी झालेली असते, तेथे मिळकत पत्रिका असते. जेथे झालेली नसते, तेथे ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचा उतारा, एवढाच आधार. पण हा उतारा कर कोण भरतो ते सांगतो. मालक कोण, याचा तो निर्णायक पुरावा नव्हे. म्हणून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मागील तीस वर्षांच्या दस्तांचा शोध घ्यावा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी, आणि चतुःसीमा कागदावर वाचण्याआधी पायांनी चालून पाहाव्यात. शेजाऱ्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. परड्यात येण्याजाण्याची वाट कोणाच्या हद्दीतून आहे, आणि गोठ्याच्या पागोळ्यांचे पाणी कोणाच्या हद्दीत पडते? खेड्यात निम्मे तंटे या दोन प्रश्नांतून उभे राहतात. आमच्या खरेदीखतात वाट आणि पागोळी या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे.

२४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारची स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोनने गावठाणांची मोजणी करून घरधारकांना मिळकत पत्रिका देण्याची ही योजना आहे. आपल्या गावी आजही वडिलोपार्जित घर असेल, तर त्या मोजणीत आपले नाव लागले की नाही, हे एकदा जाऊन पाहा. दूर राहणाऱ्याचे नाव गळणे फार सोपे असते.

जागेचा शोध घेताना असे दिसले, की ती मालकांच्या वडिलांची, आणि वारस तिघे: मालक आणि त्यांच्या दोन बहिणी. एक बहीण निवर्तलेली. तिच्या मुलांची संमती मिळाली. दुसरी मोठी, सत्तरीच्या घरात, जवळच्याच गावी दिलेली. मालक म्हणाले, ‘तिला कशाला मधी आणायचं, साहेब? लग्न होऊन पन्नास वर्सं झाली.’ वकीलसाहेब बधले नाहीत. वडिलांच्या पश्चात मुलगीही वारस असतेच. शिवाय २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील उरलेसुरले संशयही फेडले. पण आम्हांला खरे म्हणजे कायद्याहून वेगळेच काही वाटत होते. आमच्या बहिणीला न विचारता आम्ही आईचा बंब विकला असता, तर तिला काय वाटले असते?

मालकांना घेऊन आम्ही त्या बाईंकडे गेलो. सगळे त्यांना आक्का म्हणत, आम्हीही तसेच म्हणू लागलो. त्यांनी चहा दिला, सारे ऐकून घेतले आणि भावाकडे न पाहता आम्हांला विचारले, ‘तुमी तिथं काय करनार?’

आम्ही म्हटले, ‘आक्का, आमच्या आईचे सामान ठेवायचे आहे. ठेवायला दुसरी जागा नाही.’

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘सही करते. पर गोठ्यात माझ्या आईचं जातं हाय, पुरलेलं. ते उपसू नगा. आनि माझा हिस्सा भावानं माझ्या हातात द्यावा, लेकाच्या नगं.’

मालकांची मान खाली गेली. पण नोंदणीच्या दिवशी त्यांनी तिचा हिस्सा तिच्याच नावाच्या धनादेशाने दिला. खरेदीखतावर आक्कांनी विक्रेत्या म्हणून सही केली. सही करताना त्यांचा हात थरथरला. अक्षरे मात्र सुरेख, मराठी शाळेत चौथीपर्यंत गिरवलेली. जाहीरपणे सांगतो, त्या सहीवाचून आम्ही ती जागा घेतली असती, तर पुढे दावा लागला असता की नाही ते देव जाणे. पण तेथे आईचा देव्हारा ठेवण्याचे धैर्य आम्हांला झाले नसते.

सरकारी नोकरांसाठी एक सूचना. १९६४ च्या आचरण नियमांतील अठराव्या नियमाप्रमाणे स्थावर घेण्याआधी खात्याला कळवावे लागते, आणि समोरच्या व्यक्तीशी आपला सरकारी कामाचा संबंध असेल तर पूर्वमंजुरी लागते. वार्षिक मालमत्ता विवरणातही ती दाखवावी. गोठा असला म्हणून काय झाले, स्थावर ते स्थावरच! आमच्या विवरणात ‘गोठा व परडे’ वाचून आमच्या वरिष्ठांनी म्हशी किती, अशी चौकशी केली होती.

ही झाली खरेदी. आता साठवणीबद्दल, कारण दुसरी आणि अधिक मोठी चूक आमची तेथे झाली.

२०१९ च्या जानेवारीत खरेदी झाली. मे महिन्यात गोठ्याची जमीन चोपून घेतली, मृगापूर्वी कौले शाकारून घेतली आणि पुण्याहून सामानाचा ट्रक नेला. जाते जागच्या जागी ठेवले. आजीचे जाते त्याच्या शेजारी मांडले. पुस्तके ट्रंकांतच राहू दिली. रोजनिश्या मात्र मानाने लाकडी कपाटात रचल्या, आणि ते कपाट मागच्या भिंतीला टेकवले. कुलूप घातले, आणि किल्ली घेऊन गुवाहाटीस आलो.

त्या ऑगस्टात सांगली-कोल्हापुरास महापूर आला. आमच्या गावी पाणी शिरले नाही, पण पाऊस खळला नाही. दिवाळीत जाऊन पाहिले, तर एके ठिकाणी कौल सरकले होते. तेवढे नीट केले. मग २०२० चा मार्च उजाडला आणि टाळेबंदी आली. आम्हांला पुन्हा गावी जाणे जमले ते २०२१ च्या डिसेंबरात. कुलूप उघडले. ट्रंका धड होत्या. बंब काळा पडला होता, पण धड होता. कपाट बाहेरून जसेच्या तसे होते. दार ओढले तेव्हा ते हातात आले. वाळवीने मागच्या भिंतीतून शिरून कपाट आतून पोखरले होते. तीस वर्षांच्या रोजनिश्यांपैकी चार वाचल्या. बाकीच्यांची माती झाली होती.

सौ. म्हणाल्या, ‘किल्ली इथे कोणापाशी ठेवली असती तर?’ त्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. परक्याच्या हाती किल्ली कशी द्यावी, या शंकेने आम्ही ती दीड-दोन हजार मैल दूर नेली, आणि ज्यासाठी जागा घेतली तेच गमावले.

तेव्हापासून जे करतो ते थोडक्यात सांगतो. कोणतीही वस्तू भिंतीला टेकवत नाही. हातभर अंतर सोडतो. लाकडी सामान विटांच्या थरावर ठेवतो. कागद लाकडात न ठेवता पत्र्याच्या ट्रंकेत ठेवतो, आणि ट्रंकही विटांवरच. भिंतींच्या कडेने वाळवीचे औषध जाणत्या माणसाकडून मारून घेतले आहे, आणि ते ठरावीक काळाने पुन्हा मारावे लागते. तांब्यापितळेची भांडी सुती कापडात गुंडाळतो. प्लॅस्टिकमध्ये दमट हवा कोंडते. उंदरांसाठी दाराच्या तळाला पत्रा ठोकला आहे. शाकारणी दर वर्षी मृगाआधी होते, मग आम्ही तेथे असू वा नसू. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे किल्ली शेजारच्या वहिनींपाशी असते. दर अमावास्येला त्या दारे-खिडक्या उघडतात, झाडलोट करतात. बंद घराला माणसाच्या वावराइतके दुसरे औषध नाही.

त्या बदल्यात कडब्याची खोली त्यांच्या वैरणीला दिली आहे. यावर कोणी म्हणेल, पुढे त्यांनी हक्क सांगितला तर? शंका रास्त आहे. मालकाच्या हक्काविरुद्ध बारा वर्षांची उघड, अखंड वहिवाट झाली, तर मालकाला ताबा मागण्यास मुदत उरत नाही. म्हणून साध्या कागदावर, ही वापराची परवानगी आहे, भाडे नाही, असे लिहून दोघांनी सह्या केल्या आहेत आणि तो कागद दर वर्षी नवा करतो. घरपट्टीही आमच्याच नावाने आम्हीच भरतो. विश्वास आणि कागद यांचे वैर नाही. उलट कागद स्वच्छ असला की विश्वास निश्चिंत राहतो.

आता लेखापरीक्षकाच्या नात्याने स्वतःवरच आक्षेप घेतो. चाळीस हजारांच्या सामानासाठी साडेचार लाखांची जागा, त्यावर मुद्रांक शुल्क, दुरुस्ती, बुडालेला इसार, आणि वर्षाकाठी शाकारणी. हा खर्च समर्थनीय आहे काय? हिशेबाच्या वहीत नाही. आपणांपैकी कोणी आमचा सल्ला विचारला, तर आम्ही आधी म्हणू, की सामान कमी करा. आम्हीही एक तृतीयांश वाटून टाकले. हातपेटी एका शाळेस दिली, आणि तिच्यावर आज मुले शिकतात. पुस्तकांतील दोन ट्रंका तालुक्याच्या वाचनालयास गेल्या. जी वस्तू दुसऱ्याच्या उपयोगी पडेल ती कोंडून ठेवू नये. आणि वर्षातून एकदाही जाणे होणार नसेल, तेथे किल्ली ठेवण्यासारखे माणूस नसेल, तर जागा घेऊच नये.

पण वहीत न बसणारी एक नोंद आहे. दोन वर्षांपूर्वी आमची कन्या आमच्याबरोबर गावी आली. तिचा जन्म जबलपूरचा, शिक्षण कलकत्त्याचे. मराठी बोलते, पण ‘घर’ म्हटले की कोणते, असा तिला प्रश्न पडतो. त्या दिवशी आक्का आल्या होत्या. त्या येतात अधूनमधून, आईच्या जात्याजवळ बसतात. आम्ही त्यांना कधी परवानगी विचारू दिली नाही. त्यांनी मुलीला जात्यापाशी बसवले, खुंटा कसा धरायचा ते दाखवले आणि मूठभर जोंधळे घातले. दोघींनी मिळून ओबडधोबड पीठ काढले. संध्याकाळी वहिनींच्या चुलीवर त्याची एकच भाकरी झाली. वाचलेल्या चार रोजनिश्यांपैकी एक कन्येने स्वतःबरोबर नेली आहे. ती त्या टंकून काढीत आहे. अक्षर लागत नाही तेथे रात्री आम्हांस दूरध्वनी करते. चार रोजनिश्यांमुळे आमचा वीस वर्षांतला नव्हता एवढा संवाद सुरू झाला आहे. बाकीच्या राहिल्या असत्या तर, हा विचार मनातून जात नाही.

शेवटी एक विनंती करून थांबतो. आपल्या मंडळाला पन्नास वर्षे झाली. मागच्या खोलीत एक लाकडी कपाट आहे. त्यात पहिल्या गणेशोत्सवापासूनची इतिवृत्ते, नाटकांच्या वह्या, जमाखर्च आणि जुनी छायाचित्रे आहेत. ते कपाट भिंतीला टेकलेले आहे, आणि या गावचा दमटपणा आपण जाणताच. समारंभाचे हार सुकण्यापूर्वी एखाद्या रविवारी आपण चार-सहा जणांनी ते भिंतीपासून हातभर पुढे ओढावे. आम्ही विटा घेऊन येतो.